जिल्ह्याच्या रेषेत न मावणारे आजार

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे अशा भागातल्या, एखाद्या गावात विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून पाहा. कितीही उकळा, दाणा बोटाखाली दबत नाही आणि गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, काठाला पांढरी खपली धरते. "या पान्यात दाय शिजत नाही, सर," असं तिथली बाई सहज सांगून जाते. मी वऱ्हाडातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. आपल्याकडच्या आरोग्य भूगोलाचा, म्हणजे आजार आणि जागा यांचं नातं शोधणाऱ्या विषयाचा, पहिला धडा इथून सुरू व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या पुस्तकात तो लंडनपासून सुरू होतो. १८५४ साल, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, कॉलऱ्याचे मृत्यू त्या पंपाभोवती दाटलेले दाखवणारा डॉ. जॉन स्नो यांचा नकाशा. तो नकाशा थोरच आहे, मी दरवर्षी मन लावून शिकवतो. पण हा विषय ज्या मुलखात गेला, तिथल्या दुखण्याचा होऊन वाढला. ब्राझीलच्या ईशान्येकडचे डॉक्टर जोसुए दे कास्त्रो यांनी १९४६ मध्ये भुकेचाच भूगोल मांडला, कारण त्यांच्या आजूबाजूला भूक होती. न्यूझीलंडच्या रॉबिन कर्न्स यांनी १९९३ मध्ये, माणूस जिथे जगतो त्या जागेचाच अभ्यास करा, असा आग्रह धरला. आपल्याकडे मात्र मी वाचलेल्या बहुतेक प्रबंधांत जिल्हा घ्यायचा, खाटा आणि डॉक्टर मोजायचे, नकाशात रंग भरायचे, की झालं.

विदर्भातले आजार जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत. खारपाणपट्टा पूर्णेच्या खोऱ्याचा आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो वाटला गेलाय आणि तिन्ही सरासऱ्यांत हरवून जातो. तिथल्या गावांत किडनीच्या आजाराची ओरड वर्षानुवर्षं आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो हवाच. पण विदर्भात हा आजार दलित वस्त्यांतही आहे. नुसता जंगलपट्टा रंगवला, तर ही घरं नकाशाबाहेर राहतात.

२०१७ चा यवतमाळचा हंगाम आठवा. फवारणीच्या विषबाधेने त्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. चर्चा झाली ती मास्क आणि हातमोज्यांची. पण त्या वर्षी कितीतरी शेतांत पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. अळीच्या धास्तीने फवारे वाढले, दोन-तीन औषधं एकत्र कालवली गेली. उंच झाडावर नळी वर धरून मारलेला फवारा तोंडावर उतरतो, सदरा भिजतो आणि दमट उकाड्यात औषध कातडीतून अंगात जातं. मजूर रोजाचा, शेत दुसऱ्याचं. टाकीत काय कालवलंय हे त्याला पुष्कळदा माहीतही नसतं, मग डॉक्टरला तो काय सांगणार? पिकाची उंची, हवा, मजुरीची रीत आणि दवाखान्यापर्यंतची वाट एकत्र मांडणारा नकाशा काढणं हे भूगोलाचंच काम आहे. असा नकाशा मला अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात दिसलेला नाही.

अंतराचंही तेच. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं. तिथे उन्हाळ्यातले किलोमीटर आणि श्रावणातले किलोमीटर एक नसतात. म्हणूनच गडचिरोलीसारख्या भागात गरोदर बाईला दिवस भरायच्या आधीच आरोग्य केंद्राजवळच्या 'माहेरघरात' आणून ठेवायची योजना आली. मला ती फार मोलाची वाटते. रस्ता बंद होणार हे धरूनच ती आखली आहे.

हे फारच स्थानिक झालं, असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बाळ घरीच जन्मतं आणि घरीच दगावतं हे ओळखलं आणि गावातल्याच बाईला नवजात बाळाचे आजार ओळखायला, उपचार करायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या कामाने नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे घरपोच नवजात बालसेवा देशभर गेली. एका कोपऱ्यातलं काम नीट केलं होतं, म्हणूनच ते दूरवर उपयोगी पडलं.

अमरावती आणि गोंडवाना विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. एम. ए.च्या प्रकल्पाला जिल्ह्याची सक्ती नको. नदीचं खोरं, एखादं पीक, एखादा पाडा घेऊ द्या. आमची पोरं याच गावांतली आहेत. कुणाच्या घरी डायलिसिसच्या फेऱ्या चालू आहेत, कुणाच्या बहिणीला सिकलसेल आहे. प्रश्नावली त्यांना वऱ्हाडीत, गोंडीत, कोरकूत करू द्या. आणि आरोग्य खात्याकडे एकच मागणं: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी रजिस्टरमध्ये रुग्ण त्या आठवड्यात कोणत्या कामाला गेला होता, एवढा एक रकाना वाढवा. फवारणीच्या दिवसांत चक्कर-उलटी घेऊन आलेला माणूस तेवढ्याने वेगळा दिसेल, आणि कोणत्या शिवारातून जास्त लोक येताहेत हे त्याच आठवड्यात कळेल.