सोळा टीबी फक्त १,४९९ रुपयांत? एका फॉरवर्डचा पंचनामा

‘एसएसडी वापरणाऱ्यांनो सावधान!!’ या मथळ्याचा मेसेज सध्या सोलापुरातल्या निदान माझ्या तरी सगळ्या ग्रुपवर फिरतोय. (एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क; जुनी हार्ड डिस्क ती फिरत्या तबकड्यांवर ठेवते. टीबी म्हणजे टेराबाइट, साधारण हजार जीबी.) सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, मी सोडून दिला. मग भाऊजींचा फोन आला. “अरे, ती एसएसडी काढून परत जुनी हार्ड डिस्क बसवायलोय. आणि बॅकअपला त्या मेसेजमधलीच सोळा टीबीची मागवली. सगळा डेटा तिच्यात टाकून कॉम्प्युटर मोकळा करतो. चालतंय की?”

नाही चालत, भाऊजी.

भाऊजी पूर्व भागात राहतात. चादरी आणि टॉवेलची डिझाइन्स करतात, घरच्याच कॉम्प्युटरवर. जॅकार्डच्या फायली, कोणत्या कारखानदाराला कुठला बॉर्डर दिला त्याची नोंद, जुन्या ग्राफचे स्कॅन, सगळं तिथं. कुणीतरी घरबसल्या टाइप केलेल्या दोन परिच्छेदांवर हे काम पणाला लागणार असेल तर गप्प बसणं अवघड आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एसएसडीची लाईट तीन महिने बंद राहिली की ती कोरी होते. सोलापूरच्या उन्हात ती दोन वर्षंही टिकत नाही. तिच्यावर ठरावीक वेळाच लिहिता येतं, मग ती मरते. मेली की रिकव्हरी होत नाही. म्हणून जुनी हार्ड डिस्कच बरी, दर महिन्याला डिफ्रॅग करा (म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावा), आणि सगळा डेटा ‘१६ टीबी पोर्टेबल’वर हलवून निर्धास्त व्हा. किंमत १,४९९, खाली लिंक.

आता त्या लिंकवरची वस्तू काय आहे ते पाहा. ठळक अक्षरात लिहिलंय, ‘एसएसडी’. म्हणजे वर चार मुद्दे घसा फोडून सांगायचं की एसएसडी घेऊ नका, आणि खाली एसएसडीच विकायची. एवढंसुद्धा न वाचता लोक पुढे ढकलतात.

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरं नुकसान इथं आहे. घरगुती वापरासाठी ८ टीबीची एसएसडीसुद्धा मोजक्याच कंपन्या काढतात आणि तिच्या किमतीत एक बरा लॅपटॉप येतो. सोळा टीबी दीड हजारात येणं शक्यच नाही. अशा डब्या उघडून पाहणाऱ्यांना आत बहुतेक वेळा मोबाईलमध्ये घालतो तसलं छोटं मेमरी कार्ड सापडलेलं आहे, एका साध्या यूएसबी पट्टीवर चिकटवलेलं. खोटेपणा फर्मवेअरमध्ये, म्हणजे डबीच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, असतो. डबी विंडोजला सांगते ‘माझी क्षमता सोळा टीबी’, आणि विंडोज विश्वास ठेवतं. चाळीस पानांची वही, पण अनुक्रमणिका चार हजार पानांची, असला हा प्रकार.

आणि म्हणूनच तो लगेच लक्षात येत नाही. फायलींची नावं, आकार, तारखा हे सगळं ज्या तक्त्यात लिहिलं जातं तो सुरुवातीलाच, खऱ्या जागेत असतो. त्यामुळे फोल्डर उघडलं की सगळं जागच्या जागी दिसतं. पहिले काही फोटो उघडतातही. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं एकतर हवेत जातं किंवा आधी लिहिलेल्यावरच परत लिहिलं जातं. कॉपी ‘पूर्ण झाली’ असंच स्क्रीनवर येतं. सहा महिन्यांनी एखादं डिझाइन उघडायला जावं तेव्हा कळतं की फाइल आहे, पण तिच्यात काही नाही. तोवर मूळ प्रत पुसून झालेली असते, कारण मेसेजने ‘हलवा’ असंच सांगितलंय.

भाऊजींचं पार्सल आलं त्या संध्याकाळी मी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याच्यावर लावलं. जर्मनीतल्या एका संगणक मासिकाने ते काढलेलं आहे. ते ड्राइव्हवर खरोखर लिहीत जातं आणि मग परत वाचून ताडून बघतं. लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे, तेही हेच करतं. सगळे सोळा टीबी नव्हे, थोडाच भाग तपासायला लावला, तरी रात्रभर चालवावं लागलं, कारण डबीचा वेगही तसाच होता. सकाळी लाल अक्षरात निकाल आला. सोळा टीबीच्या जागी जेमतेम एका स्वस्त मोबाईलएवढी जागा. बहिणीने एवढंच विचारलं, “मग पैसे परत मिळतील ना?” परतीची मुदत होती म्हणून मिळाले. डेटा गेला असता तर तो परत करायला कुणाकडे अर्ज करणार होतो?

म्हणून कुठलीही नवी डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, कितीही ओळखीच्या दुकानातून आणलेलं असो, आधी पूर्ण तपासा, मग त्यावर काही ठेवा.

पण डबी खरी असती तरी सल्ला चूकच होता. डेटा कॉम्प्युटरवरून काढून दुसऱ्या डिस्कवर नेला, तर झालं काय? आधी एक प्रत होती, आताही एकच आहे, फक्त तिची जागा बदलली. तरी लोक याला बिनदिक्कत ‘बॅकअप घेतला’ म्हणतात. मूळ प्रत जागेवर राहून दुसरी प्रत असेल तरच तो बॅकअप. छायाचित्रकारांमध्ये पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ चा हिशोब इथं चोख लागू पडतो: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर कशाला? चोरी, आग, वरच्या मजल्याची फुटलेली टाकी. आणि डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडूनही ठेवायची नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॅनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर जे केलं ते आठवा. त्या जातीचा व्हायरस जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

आता तीन महिन्यांची गोष्ट. ही अफवा हवेतून आलेली नाही, आणि म्हणूनच ती जास्त चिकट आहे. सेमीकंडक्टर उद्योगाची मानकं ठरवणारी जेडेक ही संस्था आहे. तिचं जेईएसडी २१८ हे मानक एसएसडीच्या टिकाऊपणाबद्दल आहे. त्यात घरगुती वर्गाच्या ड्राइव्हसाठी अट अशी: कंपनीने सांगितलेली सगळी लेखनक्षमता वापरून संपवल्यानंतर, ती ३० अंश सेल्सियसला वीज न देता ठेवली, तर माहिती १ वर्ष टिकली पाहिजे. सर्व्हरच्या वर्गासाठी ४० अंशांना ३ महिने. मेसेजमधले तीन महिने हे तिथले, सर्व्हरवाले. आणि ‘संपवल्यानंतर’ हा शब्द वाटेत कुठंतरी गळाला.

२०१५ मध्येही हेच झालं होतं. याच मानकावरच्या एका सादरीकरणातला तक्ता बातम्यांमध्ये आला आणि ‘एसएसडी आठवड्यात कोरी होते’ असा गवगवा झाला. तो तक्ता पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हचा होता. सादरीकरण करणारे अल्विन कॉक्स यांनाच मग पुढे येऊन सांगावं लागलं की घरगुती वापरणाऱ्याने याची धास्ती घ्यायचं कारण नाही. भाऊजींची ड्राइव्ह रोज चालू असते, आणि झिजण्याच्या जवळपाससुद्धा नाही.

तरीही यात अर्धं सत्य आहे, मान्य करायला जिवावर येतं तरी. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे सूक्ष्म पेशींत अडवून ठेवलेला विद्युतभार. वीज नसताना तो फार हळू गळतो, आणि उष्णता जितकी जास्त तितका लवकर. त्याच मानकाच्या तक्त्यात, बंद ठेवलेल्या ड्राइव्हचं तापमान पाचेक अंशांनी वाढलं की मुदत साधारण निम्मी होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या छपराखाली त्याहून वर. तेव्हा लग्नाचे फोटो एसएसडीत भरून ती पाच वर्षं माळ्यावरच्या ट्रंकेत टाकायची असेल, तर नका टाकू. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी साधी फिरती हार्ड डिस्कच बरी. स्वस्त पडते, आणि तिच्यातली चुंबकीय नोंद अशी गळत नाही. तीही मधूनमधून लावून बघावी लागते.

पण चालू कॉम्प्युटरमधली एसएसडी उन्हाने मरते, हे साफ खोटं. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओसारख्या साध्या ड्राइव्हची चालू असतानाची मर्यादा ७० अंशांपर्यंत आहे. पुष्कळ हार्ड डिस्कची ६० ला संपते. एनव्हीएमई ड्राइव्ह (एसएसडीचा जास्त वेगवान प्रकार) जास्त तापते हे खरं, पण तापली की ती स्वतःचा वेग कमी करते. कॅबिनेटच्या पंख्यात साचलेला लूमचा कापूस काढा, तेवढ्याने बराच फरक पडतो.

लिहिण्याच्या मर्यादेचं तर गणितच करून टाकू. कंपन्या ही मर्यादा टीबीडब्ल्यूमध्ये देतात, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत वॉरंटी. ८७० ईव्हीओ ५०० जीबीची मर्यादा ३०० टीबी. रोज ३० जीबी लिहिलं, आणि घरी एवढं रोज कुणी लिहीत नाही, तर १०,००० दिवस. सत्तावीस वर्षं. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘टोटल होस्ट राइट्स’चा आकडा दिसतो. भाऊजींचा अजून १० टीबीपर्यंतही पोचलेला नाही. आणि तिच्या बदल्यात ते बसवायला निघाले होते ती हार्ड डिस्क एसएसडीहून कितीतरी जुनी, चालू करताना टकटक आवाज करणारी!

रिकव्हरीचा मुद्दा बराचसा खरा आहे, पण निष्कर्ष उलटा. एसएसडीवरची फाइल पुसली की ट्रिम नावाची आज्ञा ड्राइव्हला सांगते की या जागा आता रिकाम्या समज. मग ड्राइव्ह त्या खरोखर साफ करते, आणि हार्ड डिस्कवर चालायची ती फाइल परत आणायची सॉफ्टवेअर इथं बहुधा हात टेकतात. कंट्रोलर, म्हणजे एसएसडीचा कारभार सांभाळणारी चिप, गेला तर पूर्वसूचनाही मिळत नाही, ड्राइव्ह दिसायचीच बंद होते. हार्ड डिस्क निदान कुरकुर करून सांगते. ठीक. पण यावर इलाज दुसरी प्रत हा आहे. हार्ड डिस्कची रिकव्हरी होते म्हणणाऱ्यांनी ती करून देणाऱ्यांचे दर एकदा विचारून यावेत, तेही ‘गॅरंटी नाही’ या वाक्यासकट.

लाईट अचानक जाण्याचा धोका मात्र मेसेजमध्ये नाही, तो असायला हवा होता. लिहिणं चालू असताना वीज गेली तर घरगुती एसएसडीत ती वेळ निभावून नेणारे कपॅसिटर सहसा नसतात. अर्धवट लिहिलेलं जातं, क्वचित आतला नकाशाच बिघडतो. हार्ड डिस्कचेही हाल होतात. आपल्याकडचा व्होल्टेजचा खेळ पाहता डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी मेलेली नसावी.

घ्यायची कुठली, हे आता सगळेच विचारतील. जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी एसएसडी. सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर ती जात नाही, पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला कॉम्प्युटर नवा झाल्यासारखा वाटतो. एम.२ ची खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) असेल तर ती साटा आहे की एनव्हीएमई हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत आधी बघा. पट्टी बसते म्हणून चालेल असं नाही. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) घ्या, क्यूएलसी (चार बिट) टाळा किंवा निदान कळून घ्या. एकाच कंपनीच्या १ टीबीच्या दोन ड्राइव्हमध्ये, टीएलसीवाल्या ८७० ईव्हीओला ६०० टीबी लिहिण्याची मर्यादा आणि ५ वर्षं वॉरंटी, क्यूएलसीवाल्या ८७० क्यूव्हीओला ३६० टीबी आणि ३ वर्षं, एवढा फरक आहे. एनव्हीएमईच्या सेकंदाला ७,००० एमबीच्या वेगावर भाळू नका. जुन्या पीसीआयई ३ च्या खाचेत तो निम्म्यावर येतो, आणि टॅली किंवा डिझाइनच्या कामात तुम्हाला तसाही जाणवणार नाही.

भाऊजींकडे आता असं आहे: काम एसएसडीवरच. दोन साध्या बाहेरच्या हार्ड डिस्क, एक त्यांच्या कपाटात, एक आमच्याकडे विजापूर रोडला. शनिवारी जेवायला येताना एक घेऊन येतात, दुसरी घेऊन जातात. डिझाइनच्या फायली छोट्या, म्हणून त्या पासवर्ड लावून गूगलच्या फुकट १५ जीबीतही मावल्या. नुसतं गूगल पुरत नाही, कारण सिंक चालू असलं की इकडची पुसलेली फाइल तिकडूनही जाते, आणि कचरापेटी काही दिवसांनी रिकामी होते. दर वेळी दोन-चार फायली उघडून बघायच्या, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

डिफ्रॅगबद्दल: एसएसडीला करू नका, विंडोज तिला ओळखून ट्रिम आपोआप पाठवतं. आणि त्याच मेसेजच्या एका लांबलेल्या आवृत्तीत ‘बंद पडलेली हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा’ असंही जोडलेलं दिसलं. बाहेर काढल्यावर आतल्या तबकड्यांवर दव धरतं, आणि उरलीसुरली आशा वाचणारं हेड त्यावर घासून संपवतं. फ्रीजर बर्फासाठी ठेवा.