‘एम. ए. करीसन काय करशी?’ : आप्पांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आप्पा, सप्रेम नमस्कार.

खान्देशातल्या प्रश्नांवर काम करायची इच्छा असणाऱ्या मुलामुलींनी समाजशास्त्रात एम. ए. करण्याचा गंभीरपणे विचार करावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी सांगते. समाजशास्त्राला जातात ते दुसरीकडे नंबर न लागलेले. डर्कहाइम आणि वेबर हे समाजशास्त्राचे आद्य विचारवंत घोकून कापसाला भाव मिळत नाही, की धडगावच्या पाड्यावर पाणी पोहोचत नाही. शहाद्यात आदिवासींच्या जमिनींसाठी लढणाऱ्या अंबरसिंग महाराजांनी कुठे एम. ए. केलं होतं? समाजासाठी काही करायचंच असेल तर पोरांनी नर्सिंग करावं, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करावी, नाहीतर स्पर्धा परीक्षा द्यावी. आणि शेवटी तुम्ही तुमच्या नातीचं लिहिलंत. तिला हाच विषय घ्यायचाय, आणि तुम्ही तिला विचारलंत, “एम. ए. करीसन काय करशी?”

तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, म्हणून शाळेपासूनच सुरुवात करते.

दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कितीतरी शाळांत पट आणि वर्गातली हजेरी यांचा मेळ बसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यावरचा आपला ठरलेला खुलासा म्हणजे पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. मग प्रभातफेरी निघते, पालक मेळावा होतो, भिंतीवर नवी घोषणा रंगवली जाते. माझ्या एका विद्यार्थिनीने एम. ए. च्या प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. ती स्वतः पावरा या आदिवासी जमातीची, त्याच पट्ट्यातली. तिची पहिली प्रश्नावली आपल्या सगळ्यांच्या मनातल्या प्रश्नानेच सुरू होत होती : मुलांना नियमित शाळेत का पाठवत नाही? लोकांनी तिला हवी तीच उत्तरं दिली. “चूक होते बाई, आता पाठवू.” त्या उत्तरांचं काही करता येईना.

मग प्रश्न बदलले. गेल्या साली घरातलं धान्य कुठल्या महिन्यात संपलं? तेव्हा पैसे कुणाकडून घेतले? ऊसतोडीला कधी निघालात, घरातलं कोण कोण गेलं, मागे कोण राहिलं? ही चौकशी ती पावरीत करत होती, चुलीपाशी बसून. तिची वही पाहिली तेव्हा मला त्यात एक वेगळंच वेळापत्रक दिसलं. भर पावसाळ्यात कणगी रिकामी होते. नेमका तेव्हाच ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम येतो आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देऊन जातो. ती फेडायची ऊस तोडून. म्हणजे दिवाळीनंतर पोरगी वर्गात दिसणार की नाही, हे आषाढ-श्रावणातच ठरलेलं असतं. ऊसतोडीत एक ‘कोयता’ म्हणजे दोघांची जोडी, त्यामुळे नवरा-बायको दोघांना जावंच लागतं. अंगावरचं मूल सोबत जातं. आणि आई फडात असताना त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण लागते. ज्या घरात धडधाकट आजी होती, तिथली मुलगी गावातच राहिली आणि शाळेत जात राहिली. पाडा तोच, जमात तीच, शाळेबद्दलचं मत तेच. फरक आजीचा होता. हजेरीपटावर मात्र जी गेली तिच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ एवढीच नोंद.

आता सांगा, प्रभातफेरीने यातलं काय बदलणार होतं? पावसाळ्यात सावकारी अटीशिवाय धान्य किंवा पैसा मिळाला तर बदलेल. पावसाळा सरताच गावात रोजगार हमीचं काम निघालं तर बदलेल. फडाजवळ पाळणाघर असलं तर बदलेल. मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाची मागणी ऊसतोड टोळ्या गेल्यावर करण्याऐवजी त्या निघायच्या आधी झाली तर बदलेल. तिच्या प्रकल्पाने स्थलांतर थांबलं असा माझा दावा नाही. पण त्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने वसतिगृहाचा अर्ज त्यानंतर वेळेत केला, आणि तो करताना त्यांच्या हातात आपल्याच गावाची माहिती होती.

हीच विद्यार्थिनी पुढच्या सत्रात जान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचं काम वाचत होती. दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला येणाऱ्या मजुरांचा त्यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. ते मजूर मोठ्या संख्येने आपल्या खान्देशातले. ब्रेमन यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे. तिथे हळपती जमातीचे स्थानिक भूमिहीन मजूर कामाविना बसलेले असताना कारखाने इतक्या लांबून माणसं का आणतात? कारण उचलीत अडकलेला, परक्या मुलखात पालं ठोकून राहणारा मजूर ताब्यात ठेवायला सोपा जातो, पहाटे उठवून कामाला लावता येतो, आणि हंगाम संपला की परत पाठवता येतो. आपल्याकडची गरिबी आणि तिथली मजुरांची रचना एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, “मॅडम, माझे आजोबा तिथेच जायचे.” सिद्धांत शिकवताना मला याहून मोठी दाद मिळालेली नाही.

सिद्धांताला तुम्ही घोकंपट्टी म्हणालात. आपल्या जळगाव जिल्ह्याचंच उदाहरण घेते. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ८८० होत्या, २०११ मध्ये ८४२ झाल्या. त्याच वेळी राज्याचा आकडा ८९४ होता. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. म्हणजे कायदा होता, दवाखाने होते, शाळा-कॉलेजं होती, केळी-कापसाचा पैसा होता आणि मुली कमी होत गेल्या. शेजारच्या आदिवासीबहुल नंदुरबारचं प्रमाण मात्र राज्याच्या सरासरीहून चांगलं. ‘अडाणीपणामुळे होतं’ हा खुलासा इथे उलटा पडतो. जिथे जमीन बागायती, तिथे वाटणीची धास्ती मोठी, हुंड्याचा आकडा मोठा, आणि सोनोग्राफीचं मशीनही हाकेच्या अंतरावर.

आता त्याच वर्षांत जन्मलेली मुलं लग्नाची झाली आहेत. गावोगाव तिशीला टेकलेले, जमीन असलेले, निर्व्यसनी मुलगे मुलीसाठी थांबलेत. मग दलाल गाठून, पैसे मोजून लांबच्या जिल्ह्यातून, परराज्यातून सून आणली जाते. तिची जात कुणी खोलात जाऊन विचारत नाही. पण गावातल्याच दुसऱ्या जातीच्या मुलीशी लग्न करतो म्हटलं तर तेच घर पेटून उठतं. या दोन गोष्टी एकाच घरात कशा नांदतात? मला याचं उत्तर शोधताना एका जुन्या निबंधाचा आधार होतो. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातींवर जो निबंध वाचला, त्यात त्यांनी जातीच्या बाहेर लग्न होऊ न देणं हाच जातीचा गाभा असल्याचं दाखवलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथांवर तेव्हाचे सुधारक सुटे सुटे बोलत होते. बाबासाहेबांनी त्या एका सूत्रात बांधल्या : जातीत लग्नाची जोडी जुळवताना जास्तीची ठरणारी बाई किंवा जास्तीचा ठरणारा पुरुष यांचं काय करायचं, याच्या त्या तजविजी होत्या. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने शंभर वर्षांपूर्वी केलेली ही मांडणी हातात घेऊन आज आमच्या तालुक्यातला सुनेचा बाजार पाहिला, की डोकं लख्ख होतं. लांबून आणलेल्या सुनेला ना माहेर जवळ, ना भाऊबंद, ना भाषा, ती गावातली जातींची उतरंड हलवू शकत नाही. गावातली मुलगी हलवू शकते.

कापसाचं म्हणाल तर डर्कहाइम भाव देणार नाही, खरंच. त्याने १८९७ मध्ये आत्महत्येवर लिहिलं तेव्हा मुद्दा हा होता की इतकी खासगी वाटणारी कृतीसुद्धा समाजाच्या घडणीप्रमाणे कमी-जास्त होते. अविवाहितांत जास्त, विवाहितांत कमी. प्रोटेस्टंटांत जास्त, कॅथलिकांत कमी. वर्गात आम्ही त्याच्यावर टीकाही शिकवतो : तो सरकारी नोंदींवर विसंबला, आणि नोंदी कशा तयार होतात हे विचारायचं राहिलं. आपल्याकडे शेतकरी आत्महत्येची फाइल सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे सातबाऱ्यावर, बँक-सोसायटीच्या कर्जावर, वसुलीच्या तगाद्यावर ठरतं. ज्याने वाट्याने शेती केली, ज्या बाईच्या नावावर जमीनच नाही, ज्याने बिनपरवाना सावकाराकडून पैसे घेतले, त्यांचा मृत्यू कुठल्या रकान्यात जातो? हा प्रश्न विचारायची सवय डर्कहाइम वाचून आणि त्याच्याशी भांडून लागते.

अंबरसिंग महाराजांबद्दल तुमचं अगदी बरोबर. त्यांनी एम. ए. केलं नव्हतं, आणि तशी कुणी अपेक्षाही करू नये. पण १९७२ च्या आसपासच्या शहाद्याच्या कामात घोषणांइतकीच चौकशी होती. कुणाची जमीन कुणाकडे गेली, कशी गेली, कागद काय सांगतो, हे गावोगाव शोधणं हा त्या लढ्याचा कणा होता. भिल्ल बायका दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या, कारण मारहाणीचं दुःख एकेकीच्या घरातलं नाही हे त्यांना एकत्र बसल्यावर कळलं. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा. त्यामागचं वातावरण अशाच लढ्यांनी तयार केलं. लोक पदवीशिवाय समाजशास्त्र करतात आणि उत्तम करतात. पण प्रत्येक पिढीला अंबरसिंग मिळत नाही, आणि सर्वसाधारण माणसाला ही नजर कष्टाने, पद्धतशीर शिकावी लागते.

नर्सिंग आणि एमएसडब्ल्यूशी माझं भांडण नाही. एमएसडब्ल्यू माणसाला प्रत्यक्ष हस्तक्षेप शिकवतं, आणि ज्याचा पिंड तो आहे त्याने तिकडेच जावं.

जिथे तुमचा राग खरा आहे तिथे मी तुमच्यासोबत आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइड घेऊन पास होणारी मुलं आहेत. एकाच गावातल्या सर्वेक्षणाचे तक्ते गावाचं नाव बदलून पुन्हा सादर झालेले मी पाहिले आहेत. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे, सेट-नेट झालेले माझे सहकारी सुट्टीत बिनपगारी असतात, आणि त्यांच्याकडूनच आम्ही क्षेत्रकार्याला मुलांसोबत फिरायची अपेक्षा करतो. हे लाजिरवाणं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदव्युत्तर पातळीवर संशोधन पद्धती, क्षेत्रकार्य किंवा कामाच्या जागी प्रशिक्षण, आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. कागदावर ही उत्तम गोष्ट. पण त्यासाठी पक्की माणसं भरली नाहीत, तर त्याचेही तयार नमुने झेरॉक्सच्या दुकानात मिळू लागतील.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असं वाटतं. बाहेरून अभ्यासाला येणाऱ्या माणसाला सातपुड्यात दुभाषा लागतो. आमच्या मुलांना लागत नाही. पावरी, भिली, अहिराणी ही त्यांची घरची बोली, आणि वर्गात मात्र हीच मुलं इंग्रजी पुस्तकापुढे मान खाली घालून बसतात. एम. ए. च्या दोन वर्षांत त्यांना पहिल्यांदा कळतं की आपल्याजवळ जे आहे ते इतरांकडे नाही. डाकीण ठरवून बाईला छळल्याचं प्रकरण घ्या. पोलिसांना आणि पत्रकारांना त्यात अंधश्रद्धा दिसते, आणि ती असतेच, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठी हवाच. पण त्या बाईच्या नावावर जमीन होती का, ती एकटी होती का, आरोप करणारा तिचा कोण लागतो, हे आतल्या माणसालाच विचारता येतं, आणि तेही त्याला विचारायला कुणी शिकवलं असेल तरच.

आता नातीचं. तिला नोकरीची हमी मी देणार नाही. प्राध्यापकीची वाट अरुंद आहे. हा विषय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक म्हणून घेता येतो, स्वयंसेवी संस्थांना आणि सरकारी योजनांच्या मूल्यमापनाला नीट सर्वेक्षण करणारी, मुलाखत घेता येणारी माणसं लागतात, पण त्यासाठी तिला अहवाल लिहिता यायला हवा आणि संगणकावर आकडे हाताळता यायला हवेत. प्रवेश घेण्याआधी तुम्ही दोघं कॉलेजात जा आणि विचारा : प्रकल्पाला मार्गदर्शक कोण, एका मार्गदर्शकाकडे किती मुलं, गेल्या वर्षीचे प्रकल्प बघायला मिळतील का, मुलांना गावात किती दिवस पाठवता? प्रकल्प दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे प्रवेश घेऊ नका, दुसरं कॉलेज बघा. आमच्याकडे उन्हाळी परीक्षेआधी मुलं आपले प्रकल्प सगळ्यांसमोर मांडतात आणि पालकही येतात. नातीला घेऊन तुम्हीही या. चाळीस वर्षं हजेरीपट भरलेल्या माणसाने विचारलेले प्रश्न आमच्या मुलांना हवे आहेत.