ओकणारं बाळ उताणंच का झोपवायचं: एका आजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही रागावून लिहिलंत, पण मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं असं: तीन महिन्यांचा नातू प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध ओकायचा, पाठीची कमान करून रडायचा. डॉम्पेरिडोनचे (उलटी थांबवण्याच्या औषधाचे) थेंब आणि डोक्याखाली उशी सुरू केली आणि त्याला बरं वाटलं. अशा बाळाला ‘उताणं झोपवा, औषधाची घाई नको’ असं सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं.

आधी उशीचं बोलू. ती आजच काढा. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली, पाठीकडे. घशात आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर वर चढावं लागतं. बाळ ते गिळून टाकतं नाहीतर ओठांच्या कडेने बाहेर काढतं. पालथं घातलं की हेच उलटं होतं. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि दूध श्वासात जाऊन दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढली नाही. उशीवर मात्र मान पुढे दुमडते, हनुवटी छातीला टेकते, आणि एवढ्याशा जिवाला ती परत उचलता येत नाही. बाळाला तिरकं झोपवण्याच्या साधनांवर अमेरिकेत २०२२ साली कायद्यानेच बंदी आली. गादी सपाट आणि घट्ट हवी. उशी, लोड, दुपटी काही नको. रात्रीच्या झोपेला झोळीही नको.

आता थेंब. अन्ननलिकेच्या तळाची झडप या वयात सैल असते, पोटात सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. पहिल्या तीन महिन्यांत जवळपास निम्मी बाळं रोज दूध काढतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सगळ्यात जास्त असतं, वर्षापर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. रडणंही सहाव्या आठवड्याच्या आसपास वाढतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे थेंब सुरू झाले त्याच सुमारास बाळही मोठं होत होतं. लान्सोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा १६२ बाळांवरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्यांपैकी ५४ टक्के सुधारली, नुसतंच खोटं औषध मिळालेल्यांपैकीही ५४ टक्केच. छातीचे संसर्ग मात्र औषधवाल्या गटात जास्त. डॉम्पेरिडोनने हृदयाची लय बिघडू शकते, आणि ओकणाऱ्या बाळांना त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. अन्ननलिकेला खरोखर सूज असेल तर आम्लाचं औषध लागतं, पण ते तपासून आणि ठरावीक मुदतीपुरतं.

‘सगळं दूध बाहेर पडतं’ असं तुम्ही लिहिलंय. एकदा दोन छोटे चमचे दूध दुपट्यावर ओतून बघा. डाग केवढा पसरतो! म्हणून डागापेक्षा वजन बघा, आणि दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होतात का ते बघा.

करण्यासारखं बरंच काही आहे. बाळ रडलं की लगेच पुन्हा छातीला लावलं जातं, आधीच भरलेलं पोट आणखी ताणलं जातं, आणि ते पुन्हा ओकतं. बाटलीचं दूध असेल तर थोडं थोडं, जास्त वेळा द्या. मध्येच ढेकर काढा. पाजून झालं की वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा, पोट दाबलं जाणार नाही असं. कारच्या खुर्चीत बसवून ठेवू नका, तिथे ते घडी पडून बसतं. डायपर सैल ठेवा. शौचात रक्ताचे धागे किंवा अंगावर इसब असेल तर गाईच्या दुधाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारून आईने दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करून बघावेत. मधाचं बोट मात्र वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो.

हिरवी उलटी, उलटीत रक्त, पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी, फुगलेलं पोट, ताप, मलूलपणा, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वजन अडलं असेल तरी थांबू नका.

नातवाचे थेंब अजून चालू आहेत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. लसीकरणाच्या वेळी वजनाचं कार्ड आणि ती बाटली दोन्ही बरोबर न्या आणि डॉक्टरांना थेट विचारा: हे अजून कशासाठी, आणि कधी बंद करायचं?