‘पेशंटला उचलून सीटवर बसवा, चेअर डिकीत टाका’ : त्या फॉरवर्डला एका व्हॅनवाल्याचं उत्तर

आठ-दहा दिवसांपासून एक फॉरवर्ड नागपुरातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आला, सासुरवाडीच्या ग्रुपवर आला, आमच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर तर तीनदा आला. सोबत चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यात एक बाई व्हीलचेअरसकट गाडीच्या रॅम्पवरून तोंडावर पडतात. मग एक फोटो, त्यात चेअर ओढणीनं सीटला बांधलेली. आणि खाली मजकूर, तो थोडक्यात असा: व्हीलचेअरवर बसल्या-बसल्या पेशंटला गाडीत चढवणं धोक्याचं आहे, रॅम्पवरून चेअर उलटते, ब्रेक मारला की चेअर उडते, वीस-वीस मिनिटं जातात, आपल्या रस्त्यांवर हे जमतच नाही, कोणाला परवडतही नाही, त्यापेक्षा दोघांनी उचलून सीटवर बसवा न, आपल्या माणसाला हातानं उचलण्यातच माया आहे.

मी सहा वर्षं व्हीलचेअरवाली व्हॅन चालवून राहिलो. जास्त करून डायलिसिस आणि फिजिओथेरपीच्या फेऱ्या, लग्नसराईत एखादं लग्न. त्याच्यामुळे माझा यात धंदा आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी लिहीलच. पण ज्यानं हा मजकूर लिहिला त्यानं एकदाही कोणाला रॅम्पवर चढवलं नसेल, हे वाचतानाच कळते.

आधी तो व्हिडिओच घ्या. आवाज बंद करा आणि हळू करून पहा. पोरगा बाईंना रॅम्पवरून *उतरवून* राहिला आहे, चढवत नाही आहे. बाईंचं तोंड उताराकडे, पोरगा मागं, म्हणजे वरच्या बाजूला, हँडल ओढून धरलेलं. रॅम्प संपून जमीन लागते तिथं फूटरेस्ट टेकलं, चेअर जागीच थांबली, बाई पुढं गेल्या. पोटावर पट्टा नाही. रॅम्पला कडा पण नाही, सरळ पत्रा टाकून ठेवला आहे.

आमच्याकडून पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतली होती, सोबतचा माणूस कायम उताराच्या खालच्या बाजूला पाहिजे. चढवताना पेशंटचं तोंड गाडीकडे आणि आपण मागून ढकलायचं, उतरवताना पण पेशंटचं तोंड गाडीकडेच, आपण मागे मागे खाली यायचं, चेअर आपल्या अंगावर टेकलेली राहते. असं केलं की चेअरला पुढं पडायला जागाच नसते आणि फूटरेस्ट टेकायचा प्रश्न येत नाही. मागं उलटू नये म्हणून काही चेअरला मागे दोन छोटी चाकं असतात, ती मात्र रॅम्पच्या तोंडाशी अडकतात कधी कधी, तेवढी आधी पाहून घ्यायची, वर फिरवली तर आत गेल्यावर परत खाली करायची. आणि पावसाळ्यात रॅम्प पुसल्याशिवाय चाक टेकवायचं नाही.

आता जोराचं गणित. माझ्या गाडीचा मागचा फ्लोअर जमिनीपासून ४० सेंटीमीटर, रॅम्प १६० सेंटीमीटर, म्हणजे चारास एक असा चढ. हा सरळसरळ उभा चढ आहे, कबूल, बिल्डिंगच्या रॅम्पला तर बारास एक सांगतात. पण बारास एक करायला मला पावणेपाच मीटरचा रॅम्प घेऊन फिरावं लागेल, आणि गाडीचा रॅम्प माणूस एकटा चढत नाही, सोबत ढकलणारा असतो. अमेरिकेच्या नियमात पण गाडीच्या रॅम्पला जमिनीपर्यंत चारास एकपर्यंत चालते. ६० किलोचा माणूस आणि १८ किलोची चेअर धरली तर मागून साधारण १९ किलोचा जोर लागतो, तो पण सरळ उभं राहून, चार पावलं. तेच ६० किलो दोघांनी उचलले तर प्रत्येकी ३० किलो, कंबरेत वाकून, गाडीच्या दारात डोकं घालून, आणि वजन गोणीसारखं गप्प बसत नाही, ते हलते, घाबरते, आपला गळा धरते. अमेरिकेतली नायॉश म्हणून कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी सरकारी संस्था आहे, तिच्या हिशेबात पेशंट हातानं उचलायची मर्यादा १६ किलोच्या आसपास धरतात. सगळं सोयीचं असताना.

माणूस जाड असला तर मी एकटा ढकलत नाही, दुसरा हात घेतो. आणि बॅटरीवर चालणारी मोठी चेअर असली, तीच शंभर किलोच्या वर जाते, तर माझ्या रॅम्पवर मी ती घेतच नाही, तिला लिफ्टवाली गाडी लागते. पैसे जातात तर जाऊ द्या.

‘उचलणं सुरक्षित’ या मुद्द्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होते. लकवा मारलेल्या माणसाचा खांदा आधीच सैल झालेला असतो, काखेत हात घालून उचललं की तो सांध्यातून निसटतो, आणि नंतर महिनोन्‌महिने दुखतो. मणक्याला मार लागलेल्या माणसाला खाली काही कळत नाही, सीटच्या कडेवरून त्याला घासत ओढलं तर कातडी सोलते आणि घरी गेल्यावर कोणीतरी पाहते, तिथून जखम सुरू. लघवीची नळी लावलेली असली तर ती ओढल्या जाते. डायलिसिसवाल्यांच्या हातात बहुतेक वेळा फिस्टुला असतो, म्हणजे सुया टोचायसाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्ताची नस, त्या हाताला दाबायचं नाही, बीपी पण त्या हातावर घेत नाहीत, आणि आपला उत्साही भाचा बरोब्बर तोच दंड धरून ‘हुप्पा’ करतो.

बाईमाणसाचं तर वेगळंच. माझ्या एक नेहमीच्या काकू आहेत, त्यांनी पहिल्या फेरीला मला विचारलं होतं, “भाऊ, हात नाही न लावावा लागणार?” तीन वर्षं रिक्षावाला, वॉचमन, शेजारचा पोट्टा, जो सापडेल तो त्यांना कमरेत धरून उचलत होता. त्या बोलल्या नाहीत कोणाला. कोण बोलते?

इथं एक गोष्ट फॉरवर्डवाल्याची मान्य करतो. ज्याला स्वतःला, किंवा थोड्या आधारानं, चेअरवरून सीटवर सरकता येते त्यानं सीटवरच बसावं. गाडीची सीट, तिचा बेल्ट, मागचं डोक्याचं टेकण, हे सगळं अपघाताचा विचार करून बनवलेलं असते, साध्या चेअरचं तसं नसते. त्यांच्यासाठी मी गुळगुळीत लाकडी फळी ठेवतो, एक टोक चेअरवर, एक सीटवर, सरकत जायचं. पण सरकणं वेगळं आणि उचलून आणणं वेगळं. फॉरवर्डमध्ये दोन्ही एकाच पोत्यात भरले आहेत.

पुढचं, ‘ब्रेक मारला की चेअर उडते’. नुसती चेअरचे ब्रेक लावून ठेवली तर उडेलच न बाप्पा, ते ब्रेक उभ्या चेअरसाठी असतात. गाडीत फ्लोअरला लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यात चार पट्टे अडकतात, दोन पुढून, दोन मागून, आणि ते चेअरच्या मुख्य फ्रेमला, वेल्डिंगच्या सांध्याजवळ लावायचे. चाकाला नाही, हँडलला नाही, फूटरेस्टला नाही, ते निघून हातात येते. मागचे दोन आधी लावा, मग पुढचे ताणा, मग चेअर धरून जोरात हलवून पहा, हलली तर परत. तोंड कायम गाडीच्या तोंडाकडे, आडवी कधीच नाही. लंडनच्या जुन्या काळ्या टॅक्सीत उलटं बसवतात, पाठ ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीला टेकवून, ती पण पद्धत आहे, पण त्याला तशी भिंत पाहिजे.

आणि हे झालं फक्त चेअरचं. माणसाला वेगळा बेल्ट, कमरेवरून आणि खांद्यावरून. कमरेचा पट्टा हाडावर पाहिजे, पोटावर नाही, आणि चेअरच्या हाताखालून आत गेला पाहिजे. लोक काय करतात, चेअरच्या हातांवरून गुंडाळतात, मग पट्टा आणि पोट यात वीतभर पोकळी. चेअरला स्वतःचा जो छोटा पट्टा असतो तो नीट बसायसाठी असतो, अपघातासाठी नाही.

गाडीत बसून जायसाठी ज्या चेअर पास होतात त्यांची टेस्ट ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेची असते, तेव्हा वजनाच्या वीसपट ओढ येते. २५ किलोची चेअर त्या क्षणाला अर्ध्या टनासारखी ओढते. ओढणी, सुतळी, सायकलची ट्यूब यांचं काय होईल ते तुम्हीच पहा. म्हणून त्या ओढणीवाल्या फोटोतला धोका खराखुरा आहे आणि तसं कोणी करत असेल तर त्या गाडीत बसूच नका. आता याच हिशेबानं फॉरवर्डचा उपाय तपासा, ‘चेअर घडी करून डिकीत टाका’. आपल्याकडच्या व्हॅनमध्ये डिकी आणि मागच्या सीटमध्ये भिंत कुठं असते? १८ किलोचं लोखंड मोकळं ठेवलं आहे, सगळ्यांच्या मानेच्या मागे. ते नाही उडत का मग?

वीस मिनिटांचं सांगतो. परवा धंतोलीत, सकाळी सात वाजता, दवाखान्याच्या समोर. ज्यांनी धंतोली पाहिली त्यांना माहीत आहे, एका गल्लीत किती दवाखाने आणि किती गाड्या. मावशीची डायलिसिसची वेळ. मागचं दार वर, रॅम्प खाली, पट्टे सोडले, बेल्ट सोडला, मी मागे मागे खाली आलो, मावशी उतरली, रॅम्प परत आत, दार बंद. मी मुद्दाम मोबाइलवर लावून पाहिलं, चार मिनिटं. घरून चढवताना पट्टे लावावे लागतात म्हणून सहा-सात जातात. शेजारी एक कार थांबली होती, त्यांचे बाबा मागच्या सीटवर. आधी वॉचमनला बोलावलं, मग वॉर्डबॉयला, मग डिकीतून चेअर काढली, तिचं एक फूटरेस्ट सीटखाली राहिलं होतं ते शोधलं, मग ‘एक-दोन-तीन’ दोनदा झालं, बाबांचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं. मी निघालो तरी ते तिथंच होते. मागून हॉर्न वाजून राहिले होते, ते त्यांनाच.

‘आपल्या रस्त्यांवर जमत नाही’, यात थोडं तथ्य आहे. मागून चढवणाऱ्या गाडीला पाठीमागं तीन मीटर तरी मोकळी जागा लागते आणि ती चालत्या ट्रॅफिकमध्ये घ्यायची नसते. मी सरळ गेटमध्ये, पोर्चमध्ये रिव्हर्स घालतो, वॉचमन नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडतो. दुसरी भानगड सिमेंट रोडची. आपल्या शहरात नवे रोड घरांपेक्षा उंच झाले हे पावसात घरात पाणी शिरलं की सगळ्यांनाच आठवते, मला रोज आठवते. गाडी रोडवर आणि रॅम्पचं टोक खाली अंगणात टेकवलं तर ४० सेंटीमीटरचे सहज ६० होतात, त्या चढावर मी कोणाला नेत नाही. मग गाडी रोडला समांतर उभी करून रॅम्प रोडवरच टाकायचा, किंवा गल्लीत जिथं उंची सारखी आहे तिथपर्यंत चेअर ढकलत न्यायची. उलट फुटपाथ पंधरा सेंटीमीटर उंच असला आणि रॅम्प त्याच्यावर टेकला तर तोच चढ सहास एक होऊन जाते, लोण्यासारखा. म्हणजे रस्ता पाहून गाडी लावायची, एवढंच. मेट्रोत व्हीलचेअर सरळ आत जाते, स्टेशनला लिफ्ट आहे, पण स्टेशनपासून मनीषनगरच्या आतल्या गल्लीपर्यंत कोण नेणार?

आपल्या रस्त्यांवर खरा त्रास उन्हाचा आहे आणि ते फॉरवर्डमध्ये नाहीच. मे महिन्यात ४५ डिग्रीत उभ्या गाडीतलं बकल हातात धरवत नाही, आणि ज्याला मांडीवर काही जाणवत नाही त्याच्या मांडीवर ते टेकलं तर फोड आल्यावरच कळते. मानेजवळ मणक्याला इजा असली तर घाम पण नीट येत नाही. म्हणून आधी दहा मिनिटं एसी, बकलवर ओला दुपट्टा, मग पेशंट.

परवडण्याचं म्हणाल तर हो, महाग आहे. परतीची फेरी रिकामी येते, गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, पट्टे झिजले की बदलावे लागतात. पण महाग आहे आणि धोक्याचं आहे ही दोन वेगळी वाक्यं आहेत भाऊ. लंडनमध्ये २००० सालापासून सगळ्याच्या सगळ्या काळ्या टॅक्सी व्हीलचेअर घेतात, आणि ब्रिटनमध्ये अशा ठरवून दिलेल्या टॅक्सींना त्याचे जास्तीचे पैसे मागता येत नाहीत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात प्रवासाच्या सोयीचं कलम आहे, ४१ नंबरचं. त्याचं पुढं काय झालं ते आरटीओच्या बाहेर उभं राहून मोजा, अशा गाड्या किती निघतात ते.

राहिली माया. माझे एक काका आहेत, चौऱ्याहत्तर वर्षांचे, गाडीत बसले की राजकारणावर सुरू. लकव्यानंतर त्यांनी लग्नाला जाणं सोडलं होतं, काहून तर प्रत्येक वेळी चार पोरं गोळा करावी लागायची. मुलगा म्हणे, बाबा, आम्ही उचलतो न, आम्हाला काय जड आहे. काका म्हणाले, “चौघांनी उचलायची वेळ एकदाच येणार आहे माझी, तोवर चाकावर जाऊ दे.” मुलाला राग आला होता. डिसेंबरात नातीच्या लग्नाला दोन दिवसांत तीन फेऱ्या झाल्या, तिसरी रात्री अकराला, कारण यांना आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय निघायचं नव्हतं.

तेव्हा ग्रुपवर हा फॉरवर्ड आला तर डिलीट नका करू. ओढणीवाला फोटो तेवढा काढून घ्या, खाली लिहा ‘असं बांधलं असेल तर गाडीतून उतरा, चार पट्टे आणि माणसाला वेगळा बेल्ट मागा’, आणि तो पाठवा.