रेड सोन्याचे चिलखत कोणी काढून घेतले?

लाल केसांच्या रेड सोन्या या योद्ध्या नायिकेविषयी एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: १९३०च्या दशकातील एका पल्प लेखकाने, म्हणजे स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अमेरिकन कथामासिकांच्या लेखकाने, पुरुष वाचकांच्या करमणुकीसाठी तिला धातूच्या बिकिनीत उभे केले, तिचा पराक्रम अत्याचारानंतर देवीने दिलेल्या वरदानातून आला, त्या काळच्या साऱ्याच नायिका अशा शोभेच्या असत, आणि पुढच्या रूपांतरांनी तिला टप्प्याटप्प्याने स्वत्व मिळवून दिले. यातील पहिली दोन विधाने साफ चुकीची आहेत, तिसरे अर्धवट खरे आहे आणि चौथ्यात घटनांचा क्रमच उलटा लावला आहे.

आधी बिकिनीचे पाहू. रॉबर्ट ई. हॉवर्डची मूळ कथा ‘द शॅडो ऑफ द व्हल्चर’ जानेवारी १९३४च्या ‘मॅजिक कार्पेट मॅगझिन’मध्ये आली. ती १५२९ साली सुलतान सुलेमानने व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्याची कथा आहे आणि तिच्यातील स्त्रीचे नाव रोगातिनोची रेड सोन्या असे आहे. ती प्रथम दिसते तीच तटावर, तोफ डागताना. हॉवर्डने तिचा पोशाख सावकाश, एकेक वस्तू सांगत उभा केला आहे: डोक्यावर पोलादी टोप, अंगात बारीक तुर्की जाळीचा चिलखती सदरा, घोळदार विजार, मांडीपर्यंत येणारे उंच बूट, कमरेला हिरवा रेशमी शेला, त्यात खोचलेली दोन पिस्तुले आणि खंजीर, बाजूला लटकणारी लांब हंगेरियन तलवार, आणि या सगळ्यावरून बेफिकिरीने टाकलेला किरमिजी झगा. लेखक तिच्या बांध्याचे कौतुक करतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण वेढा पडलेल्या शहराच्या तटावर जे अंगावर हवे, ते सर्व तिच्या अंगावर आहे.

बिकिनी आली ती चाळीस वर्षांनी. १९७३ साली मार्व्हलच्या ‘कोनान द बार्बेरियन’ या कॉमिकच्या तेविसाव्या अंकात लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार बॅरी स्मिथ यांनी या व्यक्तिरेखेला सोळाव्या शतकातून उचलून हॉवर्डच्याच कोनान या योद्ध्या नायकाच्या काल्पनिक प्राचीन युगात नेले. तेथेही प्रथम तिच्या अंगात चिलखती सदरा होताच. त्यानंतर स्पॅनिश चित्रकार एस्तेबान मारोतो याने तिला धातूच्या चकत्यांच्या बिकिनीत रंगवले, १९७४ साली ‘सॅव्हेज सोर्ड ऑफ कोनान’च्या पहिल्या अंकापासून तोच वेश रूढ झाला, आणि आज तोच ‘मूळ’ म्हणून सांगितला जातो. हॉवर्ड १९३६ सालीच, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी गेला होता. ज्या चित्राशी त्याचा काडीचाही संबंध नाही, त्याचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

वरदानाची गोष्टही अशीच मागाहून चिकटवलेली आहे. रणांगणात आपल्याला हरवील त्याच पुरुषाचे होण्याची शपथ १९७३च्या कॉमिकमध्ये तिच्या तोंडी आली, आणि कुटुंबाची हत्या, बलात्कार व त्यानंतर देवीकडून मिळालेले युद्धकौशल्य ही पूर्वकथा १९७५ साली रचली गेली. १९३४च्या सोन्याला असे काहीही लागत नाही. तिला तलवार चालवता येते, बस्स. हे कौशल्य तिच्याकडे आले कोठून, असे कथेत कोणी विचारतही नाही, जसे ते पुरुष योद्ध्याला विचारले जात नाही. कथेचा नायक गॉटफ्रीड हा दारूबाज जर्मन सरदार आहे आणि त्याचा जीव ती एकदा नव्हे, वारंवार वाचवते. माझ्या मते या व्यक्तिरेखेचे सर्वांत मोठे नुकसान बिकिनीने केले नाही, या पूर्वकथेने केले. स्त्रीच्या शौर्याला आधी अत्याचाराचे आणि मग दैवी कृपेचे कारण जोडावे लागते, हा विचार १९७०च्या दशकातील रूपांतरकारांचा आहे, मूळ लेखकाचा नाही.

त्या काळच्या सगळ्या नायिका शोभेच्या होत्या, या विधानात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. हॉवर्डच्याच कोनानकथांत किंचाळणाऱ्या, पळवून नेल्या जाणाऱ्या तरुणी पुष्कळ आहेत, आणि मासिकांची मुखपृष्ठे अर्धनग्न स्त्रियांवर खपत होती. तरी ऑक्टोबर १९३४च्या ‘वीअर्ड टेल्स’मध्ये सी. एल. मूर या लेखिकेची जिरेल ऑफ जॉयरी अवतरली. तिच्या पहिल्याच प्रसंगात विजेत्यापुढे आणलेल्या चिलखतधारी सरदाराचे शिरस्त्राण काढले जाते, आणि किल्ल्याचा तो स्वामी एक स्त्री आहे हे त्याला तेव्हा कळते. मुखपृष्ठे पाहून आतल्या कथांवर निकाल देणाऱ्यांनी निदान एवढी दोन पाने वाचावीत.

राहिला प्रगतीचा दावा. १९८५च्या चित्रपटात ब्रिजिट नील्सनची सोन्या अत्याचार आणि शपथ दोन्ही घेऊनच येते, आणि अर्नॉल्ड श्वार्झनेगरचा कालिडोर मदतीला पुन्हा पुन्हा हजर होतो. याला चढती कमान म्हणायचे असेल तर ती चित्रपटापाशीच खाली येते. खरा बदल २०१३ साली झाला. डायनामाइट या कॉमिक प्रकाशनसंस्थेच्या मालिकेत लेखिका गेल सिमोन यांनी बलात्कार आणि शपथ काढून टाकली. त्यांची सोन्या कुटुंबाच्या मारेकऱ्यांचा माग काढून स्वतः सूड घेते, आणि प्रेम कोणावर करायचे हेही स्वतः ठरवते. हे श्रेय सिमोन यांना निःसंकोच द्यायला हवे. मात्र देवीच्या कृपेवाचून लढणारी सोन्या हॉवर्डने त्याच्या एकोणऐंशी वर्षे आधीच लिहिली होती.

मूळ कथेतील एक गोष्ट तर युग बदलताच हरवली. हॉवर्डची सोन्या सुलेमानच्या रॉक्सेलाना या लाडक्या बेगमेची बहीण आहे. ज्या सुलतानाच्या जनानखान्यात आपली बहीण आहे, त्याच्याच सैन्यावर ती तोफा डागते. कथेच्या अखेरीस सुलेमान आपल्या राजधानीत विजयाचा खोटा जल्लोष करत असताना त्याला एक पुडके पोचते. त्यात त्याच्या ‘गिधाड’ म्हणवणाऱ्या सरदाराचे मुंडके असते, आणि सोबतच्या चिठ्ठीवर गॉटफ्रीडच्या नावाबरोबर सोन्याचेही नाव असते.