वाचक हवा असेल तर इराणवर लिहा

आपल्या शोधनिबंधांना कोणी वाचत नाही, ही तक्रार आता पुरे; इराणचा समाज आणि राजकारण हा विषय घ्या. इतर देशांवर लिहिलेला निबंध फार तर चार सहकारी उद्धृत करतात आणि प्रकरण तिथेच मिटते. इराणवरचा निबंध मात्र सरकारी वकीलसुद्धा वाचतो.

सिद्धान्त चुकेल अशी भीती बाळगू नका. क्रांत्या कोणी घडवत नसते, त्या घडून येतात, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ थीडा स्कॉचपोल यांनी १९७९ मध्ये मांडले आणि त्याच वर्षी इराणी जनतेने शहाची राजवट उलथवली. बाईंनी १९८२ मध्ये ही एक क्रांती जाणूनबुजून घडवलेली होती, असे मान्य करून (हा प्रामाणिकपणा विद्यापीठांत दुर्मीळच) तेलाच्या पैशावर जगणारे राज्य आणि शिया परंपरा यांवर नवा निबंध लिहिला.

पण खरा प्रभाव पाहायचा तर २००९ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर तेहरानमध्ये विरोधकांवर चाललेले सामूहिक खटले पाहा. सुधारणावादी सईद हज्जारियान यांना २००० मधील गोळीबारानंतर नीट बोलता येत नव्हते, म्हणून त्यांचा कबुलीजबाब दुसऱ्याने वाचून दाखवला. राज्याला राज्यकर्त्याची खासगी मालमत्ता समजणाऱ्या राजवटीची माक्स वेबर यांची मांडणी आपण इराणला लावली, ही चूक झाली, असे त्यात होते. १९२० मध्ये वारलेल्या जर्मन समाजशास्त्रज्ञाचा इतका धसका दुसऱ्या कोणत्या सरकारने घेतला आहे? मानव्यविद्या शिकणारे विद्यार्थी फार झाले, ही चिंता त्याच सुमारास खुद्द तेव्हाचे सर्वोच्च नेते अली खामेनी यांनी बोलून दाखवली. आपल्याकडच्या विभागप्रमुखांना एवढे भाग्य कुठले!

वर्तमान टाळून इतिहासात आसरा घेण्याचा विचार असेल, तर तोही सोडा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा एक संशोधक इराणमध्ये काजार राजघराण्याच्या काळाची, म्हणजे शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची, दफ्तरे चाळायला गेला. २०१६ मध्ये त्याला अटक झाली, हेरगिरीच्या आरोपाखाली १० वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला. तेव्हा प्रबंधाच्या वेळापत्रकात तेहरानच्या एव्हिन तुरुंगासाठी तीनेक वर्षे राखून ठेवा. शिष्यवृत्ती देणारी संस्था ती क्षेत्रकार्यात धरेलच असे नाही.

पद्धतिशास्त्राचे प्रकरण सविस्तर लिहा. ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची नावे परिशिष्टात देण्याचा मोह मात्र आवरा; तुम्ही परत आल्यावरही ती माणसे तेहरानमध्येच राहणार असतात.