गादी ओली करणारं लेकरू आळशी नसतं

महिनाभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, नणंदेकडून, शेजारच्या काकूंकडून, आणि परवा पुन्हा ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा : मूल पाच वर्षांचं होऊनही रात्री गादीत शू करत असेल तर तो निव्वळ आळस आहे. संध्याकाळी सहानंतर पाण्याचा थेंब देऊ नका. रात्री दोनदा उठवा. काळे तीळ आणि गूळ खायला द्या. सकाळी ओली चादर त्यालाच धुवायला लावा, आठवड्यात सवय मोडते.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा त्याची गादी ओली होते. त्यामुळे हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी आळसाचं बोलू. आळस करायला माणूस जागं असावं लागतं. रात्री मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतो, म्हणून झोपेत लघवी कमी तयार होते. तरीही लघवीची पिशवी भरलीच, तर तिचा निरोप झोपेतल्या मेंदूपर्यंत पोचून जाग यावी लागते. काही मुलांत हे संप्रेरक रात्री पुरेसं वाढत नाही, काहींची पिशवी अजून लहान असते, आणि बहुतेकांना त्या निरोपाने जागच येत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे १५ जणांची गादी ओली होते. सात वर्षांच्या शंभरात ५ ते १० जणांची. म्हणजे पहिली-दुसरीच्या चाळीस जणांच्या वर्गात असे दोन-चार असतातच, फक्त कुणाचे आईबाप बोलत नाहीत.

आमच्या घरातही कुणी बोललं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात वाकळ वाळत घालताना सासूबाई हळूच म्हणाल्या, “ह्याचा बापबी चौथीपर्यंत असंच करायचा. लई मार खाल्लाय त्यानं.” आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७ टक्के. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ह्याला कुणी हात लावायचा नाही.”

आता पाणी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मेसेज सांगतो, सहानंतर थेंब नको! मुलं संध्याकाळी एवढं पाणी का पितात ते तरी बघा. शाळेतल्या संडासाची घाण वाटते म्हणून माझा मुलगा दिवसभर बाटलीला तोंड लावत नव्हता. भरून दिलेली बाटली तशीच परत यायची, आणि घरी आला की घटाघट दोन तांबे. दिवसभराची तहान रात्रीच्या वाट्याला. आता सकाळी नाश्त्याबरोबर, मधल्या सुट्टीत आणि शाळेतून आल्या आल्या असं वाटून पाणी देते. रात्री जेवताना भांडंभर, चहा आणि कोल्ड्रिंक अजिबात नाही, झोपायच्या आधी शू. तहान लागली तर पाणी मिळतंच.

त्याच संडासाच्या भीतीने तो शीसुद्धा दाबून ठेवायचा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गादीचा नव्हता, “पोट रोज साफ होतं का?” हा होता. आतडं तुंबलेलं असलं की ते लघवीच्या पिशवीवर दाब देतं. बद्धकोष्ठता गेली तेव्हा रोजची ओली गादी आठवड्यात दोन-तीनदा इतकी झाली. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

रात्री दोनदा उठवायचं? मीही केलंय. अर्धवट झोपेत खांद्यावर टाकून न्यायचं, उभं करायचं, सकाळी त्याला काही आठवत नाही. त्या रात्रीपुरती गादी वाचते, पण जाग आपल्याला येते, त्याला नाही. तिळाचं एवढंच : तीळगूळ आपण संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आवडीने खातोच, खाऊ द्या. त्याने झोपेत जाग येत नाही.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो चादरीचा. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्यात भिजलेली सोलापुरी चादर धुणं किती कठीण, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. ती मलाच पिळवत नाही, लेकराला काय उचलणार? एका सकाळी मला माझा मुलगा ओल्या चादरीवर मांडी घालून बसलेला दिसला. उठेचना. अंगाच्या उबेने ती वाळेल असं त्याला वाटत होतं. मी तोवर कधी रागावलेही नव्हते. शेजारच्या मुलाला अंगणात सगळ्यांदेखत चादर धुताना त्याने पाहिलं होतं, तेवढं पुरलं. त्याच दिवशी गादीवर मेणकापड आणि वर दोन जुनी धोतरं अंथरली. शिक्षेने पिशवी मोठी होत नाही, मूल लपवायला मात्र शिकतं.

“आठवड्यात” हाही खोटा दिलासा. उपचाराविना दरवर्षी शंभरातली सुमारे १५ मुलं आपोआप कोरडी राहू लागतात. थांबायचं नसेल तर ओल लागताच वाजणारा अलार्म असतो. दोन-तीन महिने नेटाने लावला तर तीनातल्या दोघांना गुण येतो. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळीही आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच, कारण तिच्याबरोबर रात्री पाणी मोजून द्यावं लागतं.

आणि कधी थांबू नये, तेही मेसेजने सांगायला हवं होतं. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक गादी ओली करू लागलं, लघवीला जळजळ किंवा ताप आला, दिवसाही चड्डी ओली होऊ लागली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. फार तहान लागतेय आणि वजन उतरतंय, तर त्याच दिवशी, कारण तो मधुमेह असू शकतो.

मागच्या सुट्टीत तो मामाकडे बार्शीला गेलाच नाही, पोट दुखतंय म्हणाला. यंदा मेणकापड त्याच्या पिशवीत घातलंय आणि वहिनीला फोन करून सांगितलंय, सकाळी त्याची गादी पोरं उठायच्या आधी उचल.